पहिली रायफल : माशी कीं दुर्बीण ?

मुळशीचें नांव निघालें कीं धरण आठवतें, आणि धरण आठवलें कीं १९२१ सालचा सत्याग्रह व सेनापति बापट आठवतात. हेच पांडुरंग महादेव बापट १९०४ सालीं शिष्यवृत्ति मिळवून एडिंबरो येथें शिकावयास गेले असतां तेथील क्वीन्स रायफल क्लबांत नेमबाजीहि शिकले होते, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. आतां रायफल हातीं धरण्यास सातासमुद्रांपलीकडे जाण्याचें कारण उरलेलें नाहीं. मुळशी तालुक्याच्या पूर्व सीमेवर, म्हाळुंगे-बालेवाडी येथें, १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्तानें उभें राहिलेलें श्रीशिवछत्रपति क्रीडासंकुल आहे. २००८ सालच्या राष्ट्रकुल युवक क्रीडास्पर्धांतील नेमबाजी तेथेंच झाली; आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या ज्या स्वप्नील कुसाळे यानें १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफल प्रकारांत कांस्यपदक मिळविलें, त्याचा पुष्कळसा सरावहि याच ठिकाणीं झालेला आहे.

अशा पदकाची वार्ता आली कीं घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी रायफलीचा हट्ट धरते. वडील दुकानांत जातात आणि दुकानदार छऱ्याच्या दोन बंदुका पुढें ठेवतो. एकीच्या नळीवर नुसती लोखंडी खुंटी व खांच. दुसरीवर चकचकीत काळी दुर्बीण. वडिलांना वाटतें, दुर्बिणींतून निशाण मोठें दिसेल, मोठें दिसलें कीं नेम सोपा होईल, मग चार पैसे अधिक गेले तरी हरकत नाहीं. हा तर्क वरवर पाहतां निर्दोष आहे. परंतु नवशिक्याच्या बाबतींत तो बहुधा फसतो. तो कां फसतो हें समजून घ्यावयाचें तर प्रथम त्या साध्या खुंटीकडे वळलें पाहिजे.

नळीच्या टोंकाशीं जी बारीक खुंटी असते तिला मराठींत माशी म्हणतात. हें नांव ज्यानें प्रथम दिलें तो मनुष्य रसिक असला पाहिजे. कारण नळीच्या अग्रावर एखादी माशी येऊन बसावी तशीच ती दिसते. डोळ्याजवळच्या बाजूस एक आडवी पट्टी असून तिला खांच असते. खांचेच्या मधोमध माशी उभी करावयाची, माशीचा माथा खांचेच्या दोन्ही कडांशीं समपातळींत आणावयाचा, आणि मग ही जोडी तशीच निशाणाच्या काळ्या वर्तुळाखालीं नेऊन ठेवावयाची. नेमबाजांच्या बोलींत या योजनेस ओपन साइट म्हणतात.

यांत अडचण एकच. खांच, माशी व निशाण या तीन वस्तु तीन निरनिराळ्या अंतरांवर असतात, आणि मनुष्याचा डोळा एका वेळीं एकाच अंतरावर स्थिर होऊं शकतो. तिन्ही सारख्याच स्पष्ट दिसणें अशक्य. नवशिका साहजिकच निशाणाकडे पाहतो, कारण छर्रा तेथें जावयाचा असतो. शिकविणारे मात्र पहिल्या दिवसापासून एकच घोष लावतात : माशीकडे पाहा, निशाण अंधुक झालें तर होऊं द्या. मुलाला हें उफराटें वाटतें. पण शाळेंतील साधें त्रैराशिक मांडलें तर त्यांतील मर्म ध्यानांत येतें.

खांच आणि माशी यांमधील अंतर अर्धा मीटर आहे असें धरूं. माशी खांचेच्या मध्यापासून अवघी एक मिलीमीटर सरकली, तर अर्ध्या मीटरास एक या प्रमाणानें दहा मीटरांवर छर्रा वीस मिलीमीटर दूर जाईल. दहा मीटरांच्या स्पर्धेंतील निशाणाचें सर्वांत बाहेरचें वर्तुळ ४५.५ मिलीमीटर व्यासाचें असतें, म्हणजे मध्यापासून त्याची कड जेमतेम पावणेतेवीस मिलीमीटर. तेव्हां एका मिलीमीटरच्या चुकीनें दहा गुणांचा धनी तिहींच्या घरांत जाऊन पडतो. आतां दुसरी चूक पाहा. माशी खांचेंत अगदीं बरोबर आहे, पण हात किंचित हालल्यामुळें ती सबंध जोडीच निशाणावर एक मिलीमीटर उजवीकडे गेली आहे. या वेळीं छर्राहि एकच मिलीमीटर उजवीकडे लागतो. आणि छर्रा स्वतः साडेचार मिलीमीटर जाड असल्यामुळें दहाच्या ठिपक्याला त्याची कड लागून दहा गुण शाबूत राहतात. हात हालण्याच्या चुकीहून माशी सरकण्याची चूक वीस पट महाग आहे. म्हणूनच सारें लक्ष माशीवर ठेवावयाचें.

लोखंडी खुंटीनें नेम धरण्याचें सारें शिक्षण या एका गोष्टींत सांठविलेलें आहे. मुलाचें लक्ष माशीवर स्थिरावलें कीं पुढचीं कामें आपोआप त्याच्या पदरांत पडतात : गाल दस्त्यावर दर वेळीं त्याच जागीं टेंकणें, श्वास अर्धा सोडून थांबणें, चाप बोटाच्या पेऱ्यानें सावकाश दाबणें. गाल थोडा वर राहिला तर माशी खांचेंत उंच दिसते. म्हणजे चूक छर्रा सुटण्यापूर्वींच डोळ्यांसमोर उभी राहते. फुकट मिळालेला असा मास्तर दुसरा नाहीं.

दुर्बिणीचा गुण मान्य केला पाहिजे, आणि तो लोक समजतात त्याहून वेगळा आहे. तिचा खरा उपकार निशाण मोठें दिसणें हा नव्हे. दुर्बिणीच्या आंत निशाणाची प्रतिमा ज्या पातळीवर पडते त्याच पातळीवर फुलीच्या बारीक तारा ताणलेल्या असतात. त्यामुळें डोळ्याला तीन अंतरांची कसरत करावी लागत नाहीं. फुली व निशाण एकाच वेळीं स्वच्छ दिसतात. ही कल्पना जुनी आहे. मुंबई इलाख्याच्या सैन्यांत नोकरी केलेल्या डेव्हिडसन नांवाच्या अधिकाऱ्यानें एकोणिसाव्या शतकांत रायफलीच्या कुशीला बसविण्याची एक दुर्बीण तयार केली, आणि १८६१ ते १८६५ या काळांतील अमेरिकेच्या यादवी युद्धांत दक्षिणेकडील निवडक नेमबाजांच्या व्हिटवर्थ रायफलींवर ती दिसूं लागली. पुढें दोन्ही महायुद्धांत दूरच्या नेमाचें काम दुर्बिणीशिवाय होईनासें झालें. तीनशें पावलांवरील खंदकांतून क्षणभर डोकावणारें शिरस्त्राण टिपावयाचें असेल तर तेथें माशी अपुरी पडते, यांत वाद नाहीं.

पण नवशिक्याचें निशाण दहा मीटरांवर असतें. तेथें दुर्बीण कशी वागते, हें पाहण्यासाठीं पुण्याहून सरावास येणाऱ्या एका मुलीची कल्पना करावी. वय तेरा. वडिलांनीं हौसेनें दुर्बिणीची रायफल घेऊन दिली आहे. ती बांकावर कोपरें टेंकून डोळा लावते आणि लगेच गोंधळते. निशाण सांपडतच नाहीं, कारण दुर्बिणींतून दिसणारा मुलूख फार लहान असतो. सांपडतें तेव्हां तें धूसर असतें, कारण पुष्कळशा स्वस्त दुर्बिणी शंभर यार्डांच्या बेतानें जुळविलेल्या असतात. आणि फुली तर एका जागीं राहतच नाहीं.

“सर, माझा हात एवढा कांपतो ?” ती विचारते.

“हात सगळ्यांचाच कांपतो, बाळ. तुला तो चौपट दिसतो, एवढेंच,” सर सांगतात.

चार पट मोठें दाखविणारी दुर्बीण थरथरहि चार पट मोठी दाखविते. तें पाहून मूल घाबरतें, आणि फुली मध्यावरून जातांना तो क्षण पकडण्यासाठीं चाप झटक्यानें ओढूं लागतें. नेमबाजींतील सर्वांत वाईट खोड ती हीच. एकदां बोटाला लागली कीं ती सोडविण्यास महिने जातात. माशीनें नेम धरणाऱ्या मुलाचा हात कमी कांपतो असें नव्हे. त्याला आपलें कांपणें दिसत नाहीं, म्हणून तो शांतपणें चाप दाबतो, आणि छर्रा बऱ्यापैकीं ठिकाणीं जातो. कांहीं प्रसंगीं थोडें अज्ञान उपकारक असतें, त्यांतला हा एक.

“पण सर, फुली मधोमध होती, मग छर्रा बाजूला कां गेला ?” हा तिचा दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. दुर्बीण ज्या अंतरासाठीं जुळविली असेल त्याहून निराळ्या अंतरावर निशाणाची प्रतिमा फुलीच्या पातळीवर न पडतां थोडी पुढें-मागें पडते. अशा वेळीं डोळा मध्यापासून जरा सरकला तरी फुली निशाणावर सरकल्यासारखी भासते. घड्याळाचा कांटा बाजूनें पाहिला म्हणजे मिनिट-दोन मिनिटांचा फरक वाटतो, तसाच हा प्रकार. जवळच्या अंतरावर हा दोष विशेष जाणवतो. त्यांत दुर्बीण नळीच्या वर चार-पांच सेंटिमीटर उंच बसलेली असते, म्हणून नजरेची रेषा आणि छऱ्याची वाट एक-दोन ठिकाणींच काय त्या एकमेकींस भेटतात. अंतर बदललें कीं छर्रा वर तरी जातो किंवा खालीं तरी. या साऱ्यांवर उपाय आहेत, अंतराप्रमाणें जुळणाऱ्या चांगल्या दुर्बिणी मिळतात. परंतु त्यांची किंमत कित्येकदां रायफलीच्या बरोबरीनें जाते.

स्प्रिंगच्या रायफलीची आणखी एक गोष्ट दुकानांत सहसा कोणी सांगत नाहीं. चाप दाबतांच आंतील दट्ट्या स्प्रिंगच्या जोरानें पुढें धांवतो व बंदूक मागें सरते. दट्ट्या नळकांड्याच्या टोंकाशीं थडकतांच बंदूक पुढें हिसका देते. दारूच्या रायफलीचा धक्का कितीहि मोठा असला तरी तो मागेंच बसतो, आणि सामान्य दुर्बिणी तेवढ्याच बेतानें बांधलेल्या असतात. हा दुहेरी हिसका त्यांना मानवत नाहीं. भिंगें ढिलीं होतात, पकड सरकते, आणि काल बरोबर असलेला नेम आज चुकतो. मूल बिचारें आपलाच दोष समजून खंतावतें. चूक हत्याराची असतां ती स्वतःची वाटणें, ह्यासारखी शिकणाऱ्याची हानि नाहीं.

ओपन साइट आणि दुर्बीण यांच्यामध्यें एक तिसरी योजना आहे, आणि खरी मौज तिच्यांतच आहे. तिला पीप साइट म्हणतात. डोळ्यापाशीं खांचेऐवजीं एका तबकडीला बारीक भोंक असतें; नळीच्या टोंकाशीं छोट्या नळकांड्यांत खुंटीऐवजीं एक कडें बसविलेलें असतें. भोंकांतून पाहिलें कीं कडें दिसतें, कड्यांत निशाणाचा काळा ठिपका दिसतो. आणि भोंक, कडें व ठिपका अशीं एकांत एक वर्तुळें जुळविलीं म्हणजे झालें. भिंग एकहि नाहीं. तरीसुद्धां कडें आणि ठिपका दोन्हीं पुरेशीं स्पष्ट दिसतात, कारण बारीक भोंकांतून येणारे किरण डोळ्यांत थोड्याच जागेंतून शिरतात आणि धूसरपणा कमी होतो. चष्मा विसरलेला मनुष्य मूठ आवळून तिच्या फटींतून पाटी वाचतो, त्यांतलें तत्त्व हेंच.

दहा मीटरांवर तो ३०.५ मिलीमीटरांचा काळा ठिपका पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या सुमारें एक-तृतीयांश दिसतो, आणि त्याच्या मध्यावरचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलीमीटर असतो. तो अर्धा मिलीमीटर एवढ्या अंतरावरून साध्या डोळ्याला दिसणें शक्य नाहीं. मग नेमबाज त्याला गांठतो कसा ? बारीक वस्तु ओळखण्यापेक्षां बारीक असमतोल ओळखण्यांत मनुष्याचा डोळा कितीतरी पटीनें तीक्ष्ण आहे. भिंतीवरील तसबीर केसभर कलली तर घरांतल्या आजीला ती खोलींत शिरतांच खुपते. रांगोळींतील एक वर्तुळ दुसऱ्यांत मधोमध नसलें तर तें कोणीहि सांगेल. पीप साइटचा सारा कारभार डोळ्याच्या या उपजत शक्तीवर चालतो.

ऑलिंपिकमधील दहा व पन्नास मीटरांच्या रायफलीवर दुर्बिणीस बंदी आहे. तेथें पीप साइटचेंच राज्य. अंजली भागवत यांनीं २००३ सालीं मिलान येथील विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें, अभिनव बिंद्रा यांनीं २००८ सालीं बीजिंगला ऑलिंपिकचें सुवर्ण आणलें, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्यूनिकमध्यें जगज्जेत्या ठरल्या. या साऱ्यांच्या डोळ्यापुढें एक भोंक व एक कडें एवढेंच होतें. आपल्या शालेय स्पर्धांत तर ओपन साइट व पीप साइट असे दोन वेगळे प्रकारच ठेवलेले आहेत, म्हणजे साध्या रायफलीनें शिकणाऱ्या मुलालाहि स्पर्धेचें दार उघडें आहे. १९५१ सालीं दादासाहेब मावळंकर यांच्या पुढाकारानें राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला, आणि आजहि राष्ट्रीय स्पर्धेच्या आधींची एक मोठी पायरी त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. ज्या मुलाच्या पित्यानें दुर्बिणीवर पैसे घातले, त्याला या वाटेच्या पहिल्याच पायरीवर ती दुर्बीण काढून ठेवावी लागते, आणि माशीचा श्रीगणेशा नव्यानें गिरवावा लागतो.

म्हणून दहा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठीं निवड सरळ आहे : आरंभ ओपन साइटनें, आणि गाल, श्वास व बोट यांना वळण लागलें कीं पीप साइट. रायफल घेतांना मात्र पुढेंमागें पीप साइट बसवितां येईल अशी पाठीवर खोबण असलेली घ्यावी, म्हणजे दुसरी बंदूक घेण्याचा प्रसंग येत नाहीं.

आतां मुलाबरोबर वडिलांनाहि हौस वाटली तर ? पंचेचाळिशी उलटली म्हणजे डोळ्यांतील भिंगाची लवचिकपणा जाऊन जवळचें अंधुक दिसूं लागतें. अशा गृहस्थाला माशी म्हणजे नुसता करडा डाग. त्याला माशीकडे पाहावयास सांगणें म्हणजे आजोबांस चष्म्यावांचून पंचांग वाचावयास लावण्यासारखें आहे. त्यानें दुर्बीण घेतली तर त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. फक्त ती हवेच्या रायफलीसाठीं मुद्दाम बांधलेली, जवळच्या अंतरावर जुळणारी आणि चारपटीहून फार मोठी न दाखविणारी असावी. दुकानांतील नऊपटीच्या, बारापटीच्या आंकड्यांस भुलूं नये. वडिलांची पीप साइटशींहि मैत्री जमते, कारण बारीक भोंक वयाचा थोडा भार हलका करतें. एकाच घरांत मुलीनें माशी व बाबांनीं दुर्बीण वापरली, तर वाद फक्त रविवारच्या गुणांचाच होईल.

रायफल घरीं येण्यापूर्वीं आणखी एका बाबीचा विचार करावा लागतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें साडेचार मिलीमीटर नळीची व वीस जूलपर्यंत जोराची हवेची रायफल परवान्याशिवाय घेतां येते. याचा अर्थ ती खेळणें आहे असा कोणी करूं नये. एवढ्या जोराचा छर्रा डोळा कायमचा घालवितो, आणि कठीण भिंतीवर आपटून उलटहि येतो. इमारतीच्या गच्चीवर डबे मांडून नेमबाजी करणाऱ्यांना शेजारच्या खिडकीचें भान राहात नाहीं. आणि दुर्बीण असली म्हणजे एक निराळाच मोह होतो : सुट्टींत ताम्हिणीकडे गाडी न्यावी आणि झाडावरचें पाखरूं टिपावें. ताम्हिणीचें रान २०१३ पासून अभयारण्य आहे, आणि वन्य पाखराची शिकार अभयारण्याबाहेरहि १९७२ च्या कायद्यानें गुन्हाच ठरते. कागदावर नेम धरणाऱ्या मुलाच्या मनांत हा विचार सहसा येत नाहीं. दुर्बिणींतून दूरचें पान न् पान न्याहाळणाऱ्याच्या मनांत तो येतो, हें सरावाच्या जागीं वावरणारा कोणीहि जाणता मनुष्य सांगेल. म्हणून रायफल सरावाच्या ठिकाणींच चालवावी, घरीं ती रिकामी व कुलुपांत असावी, आणि छरे दुसऱ्या कुलुपांत असावे.

राहतां राहिलें नेम जुळविण्याचें काम. पहिल्या दिवशीं बांकावर उशी ठेवून तिच्यावर रायफल टेंकवावी आणि निशाणाच्या एकाच ठिकाणीं नेम धरून पांच छरे सोडावे. ते मध्यावर लागले नाहींत तरी मधें कांहींहि फिरवूं नये. पांचहि भोंकें एकमेकांजवळ पडलीं असतील तर मूल बरोबर शिकत आहे. तीं विखुरलेलीं असतील तर मळसूत्र फिरवून उपयोग नाहीं, गाल आणि बोट तपासावें. भोंकांचा पुंजका जमला पण डावीकडे पडला, तर मागची खांच उजवीकडे सरकवावी. खालीं पडला तर खांच वर घ्यावी. मागची खांच छर्रा जिकडे न्यावयाचा तिकडेच सरकते, पुढची माशी मात्र उलट दिशेनें. हा नियम मुलाच्या वहींत पहिल्या पानावर लिहून ठेवावा, कारण पहिल्या महिन्यांत तो निदान दोनदां तरी उलटा आठवतो. मग पुन्हां पांच छरे, पुन्हां कागद काढून पाहणें. त्या पहिल्या कागदावर तारीख घालून तो जपून ठेवण्याची बालेवाडीस येणाऱ्या कित्येक मुलांना संवय असते. सहा महिन्यांनीं दुसरा कागद त्याच्या शेजारीं ठेवला म्हणजे पुंजका किती लहान झाला, तें पट्टीनें मोजतां येतें.